शेवटचं मूल गेल्यावर

मी एक जुना बाक आहे, आणि मी जे सांगणार आहे त्यावर तुम्ही काडीचाही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! पण मित्रांनो, चाकणजवळच्या निघोज्याच्या या पत्र्याच्या शेडमध्ये सात समुद्र ओलांडून आलेलं लाकूड माझ्याशिवाय दुसरं नाही.

थंड डोंगरावरचं मी पाइनचं झाड. तिकडे माझा खोका केला, पोटात भलंमोठं यंत्र घातलं आणि मला जहाजावर चढवलं. वाटेत असं वादळ आलं, की कप्तानानं सुकाणू सोडून मलाच मिठी मारली. एका देवमाशानं तर मला गिळलं, पण खिळे टोचले म्हणून लगेच थुंकून टाकलं. हसा, हसा! चाकणच्या कंपनीत यंत्र बाहेर काढलं आणि मला भंगारात फेकलं, एवढं तरी खरं मानाल ना?

भोसरीच्या रहिमानचाचांनी माझ्या फळ्या उचलल्या, रंधा मारला आणि माझा बाक केला. "लकडी परदेशी आहे, पण बसणारे आपलेच," असं म्हणत त्यांनी मला पद्माबाईंच्या वर्गाला देऊन टाकलं.

पद्माबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. ज्यांचे आईवडील कंपनीत शिफ्टला असतात, अशा मुलांना शाळा सुटल्यावर त्या इथं सांभाळतात. त्यांचा एकच कडक नियम आहे. शेवटचं मूल घरी गेल्याशिवाय शिकवणाऱ्यानं जायचं नाही.

मग एक दिवस नीमाताई आली. ती टांझानियाची. इकडच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायची आणि संध्याकाळी इथं मुलांना शिकवायची. पहिल्या दिवशी पोरांचं लक्ष फक्त तिच्या बारीक बारीक वेण्यांकडे.

"ताई, एवढ्या घालायला किती वेळ लागतो?"

"तुमचं एक गणित सुटायला लागतो त्यापेक्षा कमी!" ती म्हणाली. पोरं अशी हसली, की माझा एक खिळा सैल झाला. तो अजून सैलच आहे.

सगळ्यांत शेवटी उरायची दुसरीतली करिष्मा. तिची आई पॅकिंगला, त्यामुळे ओव्हरटाइम ठरलेला. मग या दोघीच माझ्यावर पाय हलवत बसायच्या.

"ताई, तुला न्यायला कोण येतं?" करिष्मानं एकदा विचारलं.

"कुणी नाही गं. माझी आई फार लांब आहे."

करिष्मा जरा विचारात पडली. मग ऐटीत म्हणाली, "बरं. मग मी थांबत जाईन तुझ्यासोबत."

मित्रांनो, त्या दिवसापासून करिष्माला वाटायचं, की ताई तिच्यासाठी थांबत नाही, तीच ताईसाठी थांबते.

दोन वर्षं अशी गेली. नीमाताईचं शिक्षण संपलं, व्हिसा संपला. निरोपाच्या दिवशी भेळ झाली, फोटो झाले, सगळी मुलं घरी गेली. मुंबईच्या विमानतळाला जाणारी गाडी दारात उभी राहिली. करिष्माची आईसुद्धा त्या दिवशी वेळेवर आली. पण करिष्मा माझा पाय दोन्ही हातांनी धरून खाली बसली.

"करिष्मे, चल की! काय लावलंय हे?" आई म्हणाली.

"मी नाही जाणार. मी शेवटची आहे. मी गेले नाही तर ताईला जाता येत नाही. बाईंनीच सांगितलंय."

पद्माबाईंनी तोंड फिरवलं. गाडीवाला आत डोकावला. "मॅडम, चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्यात. विमान चुकंल बरं का!"

"बरोबर बोलतेय ती," नीमाताई म्हणाली. "नियम आहे."

आणि ती माझ्यावर बसली. तिनं करिष्माला मांडीवर घेतलं. करिष्मा रडली, भांडली, ताईची ओढणी मुठीत धरून हुंदके देत राहिली. आणि रडून रडून तिथंच झोपली.

ताईनं एकेक बोट हलकेच सोडवलं. आईनं झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेतलं, एकदा ताईच्या गालावरून हात फिरवला आणि निघून गेली. शेवटचं मूल घरी गेलं. मग ताई उठली, माझ्या फळीवर दोन्ही तळवे टेकून क्षणभर उभी राहिली आणि तीही गेली.

नियम कुणीच मोडला नाही, मित्रांनो.

मी लाकूड आहे. तुम्ही माझ्यावर नावं कोरता, च्युइंगम चिकटवता, ते मी सोसतो. मला रंग द्या, नका देऊ. पण एवढं ऐका. कुणाला सोडून जायचं असेल तर त्याला आधी जागं करा. तो रडेल, तुमची गाडी चुकेल, चुकू द्या. झोपेत निरोप घेऊ नका.

अरे, असे चेहरे का पाडता? गोष्ट अजून संपलेली नाही! त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी काय झालं, माहीत आहे? दारात रिक्षा थांबली. नीमाताई विमान अर्ध्यातून मागे फिरवून आली होती! सामानासकट धप्पकन माझ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "कुठे आहे माझी करिष्मा?"

"खोटं," तुमच्यातच मागे बसलेली करिष्मा म्हणाली. "सोमवारी कुणी नाही आलं. मी बसले होते ना इथं. आई न्यायला आली, तरी बसले होते."