ओके न म्हणणारा फोन

मा ग्यू-सिक कंपनीत संचालक होते, तोवर गोल्फच्या मैदानावर त्यांचा चेंडू भोकापासून हातभर लांब राहिला, की हाताखालची माणसं "ओके, साहेब!" म्हणून ओरडायची. ओके म्हणजे शेवटचा टोला मारायचा नाही, चेंडू भोकात गेला असं धरायचं. पुढे हातभराचे चार हात झाले, तरी ओके काही चुकलं नाही.

निवृत्तीनंतर त्याच मंडळींबरोबर ते खेळायला गेले. चेंडू हातभर अंतरावर थांबला आणि साहेब सवयीने वाट बघत उभे राहिले. पूर्वी सगळ्यांत मोठ्याने ओके ओरडणारा चोक हातमोजा ठीक करत म्हणाला, "मारा ना, कुणाची वाट बघताय?" त्यांनी मारला आणि हुकला. दिवसभरात असे सात हुकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन लाख वॉनचा सरावसंच आणला. दिवाणखान्यात हिरवा सरावपट्टा अंथरला, समोर तिवईवर संचाचं ॲप चालू करून फोन लावला आणि टोला मारला.

"उजवीकडे दोन अंश," फोन बोलला. "डावा खांदा उचलला."

"बघ, पैसे वसूल!" ते बायकोला म्हणाले. "पहिल्याच टोल्याला चूक पकडली."

ओक-बुन मुळा चिरत होती. "याच खोलीत काठी फिरवताना खांदा उचलता, हे मी पंधरा वर्षं सांगतेय."

"मग ठासून सांगायचंस!"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतंय, ऑफिसातले सगळे ओके म्हणतात."

त्यांनी दुसरा चेंडू मारला.

"उजवीकडे तीन अंश," फोन म्हणाला.