कूपर गल्ली आणि स्टेशनची सडक

मित्रांनो, मी इंग्लंडातल्या विंडलफर्ड नावाच्या लहानशा गावातली एक जुनी गल्ली आहे. माझ्यासारखी मीच, असं मला वाटायचं. स्टेशनची सडक जन्माला आली आणि ते वाटणं संपलं.

माझ्या अंगावरचे गोटे नदीतून आणलेले. दोन्ही बाजूंना लाकडी पिंपं बनवणारे कूपर राहत, म्हणून मी कूपर गल्ली. बाजाराला निघालेल्या मेंढ्या माझ्यावरून जात, चर्चला निघालेली नवरी माझ्यावरून जाई आणि शवपेटीही माझ्यावरूनच. गावाला दुसरी वाटच नव्हती, त्यामुळे माझा तोरा काय वर्णावा.

मग आगगाडी आली. स्टेशन गावाच्या पलीकडे बांधलं आणि तिथवर सडक काढली. रुंद, सरळ, वर दिव्यांची रांग. एकेक दुकान तिकडे गेलं. माझ्या गोट्यांमधून गवत वर आलं आणि माझा जळफळाट झाला. सवतच ती माझी.

एकच समाधान होतं, हेस्टर पास्क. ही विधवा बाई माझ्या कोपऱ्यावर पाव भाजायची. रविवारी लोक मांसाची भांडी तिच्या भट्टीत ठेवून चर्चला जात आणि परतताना खमंग जेवण घरी नेत. तिच्या लेकीनं, डॉर्कसनं, सडकेवर मोठ्या काचेचं केकचं दुकान थाटलं, तेव्हा मायलेकींचं बोलणं तुटलं. समोरचा खोगीर शिवणारा एमॉस मुद्दाम विचारायचा, "हेस्टरबाई, लेकीचे केक चाखलेत का? अर्धं गाव बोटं चाटतंय."

"काचेआडचं सगळंच गोड दिसतं," हेस्टर म्हणायची. "माझा पाय काही त्या सडकेला लागायचा नाही."

ते ऐकून मला हत्तीचं बळ यायचं.

एका हिवाळ्यात, दहिवर गोठलेलं असताना, पावाची टोपली घेऊन निघालेल्या हेस्टरच्या पायाखाली एक गोटा डुगडुगला. ती पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. माझ्या खाचखळग्यांतून डॉक्टरची गाडी आत येईना. एमॉसनं दुकानाचं दार काढलं आणि त्यावर तिला उचललं. डॉर्कस पिठाच्या हातांनी धावत आली.

"आई, आता माझ्याकडे चल."

"त्या सडकेवर? तिथं माणसं चालत नाहीत, धावतात."

"तू तरी आता कुठं चालणार आहेस? खिडकीशी पड आणि धावणाऱ्यांना नावं ठेव."

कळा सोसतानाही हेस्टरला हसू फुटलं. आणि ती लेकीकडे राहायला गेली.

सवतीनं माझं शेवटचं माणूसही नेलं. भट्टी थंड झाली. "बाई मजेत आहेत, खिडकीतून सगळ्यांची खोड काढतात," असं एमॉस दाराशी सांगायचा आणि प्रत्येक शब्द मला विंचवासारखा डसायचा. त्या सडकेचे दिवे विझावेत, तिच्यावर गुडघाभर चिखल व्हावा, असं मी मनापासून मागितलं.

झालं भलतंच. गावच्या सभेनं ठरवलं, या गोट्यांवर माणसं पडतात, तेव्हा ते उपटून वर खडी ओतावी. वसंतात मजूर पहारी घेऊन आले. त्याच सकाळी डॉर्कस आईला हातगाडीत बसवून घेऊन आली.

"मला पाडलं तो हा," हेस्टरनं काठीनं दाखवलं. मुकादमानं त्याच्याखाली पहार घातली.

"थांबा. उपटू नका, खाली माती भरा."

"अहो बाई, यानंच तुम्हाला जायबंदी केलं."

"तो डुगडुगतो हे मला ठाऊक होतं. एमॉसला ठाऊक होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. आम्ही नुसते पाय दिले, हात कुणी लावला नाही."

एमॉस मातीची टोपली घेऊन आला. डॉर्कसनं झगा खोचला. मुकादमानं डोकं खाजवलं आणि पहार भिंतीला टेकवली. दारं उघडली, माणसं बाहेर आली आणि संध्याकाळपर्यंत माझे गोटे पुन्हा घट्ट बसले.

आता हेस्टर इथंच राहील, अशी मी आस लावून होते. ती म्हणाली, "डॉर्कस, दमले गं. चल, घरी जाऊ."

घर म्हणजे सडकेवरचं.

मला त्या सडकेचा हेवा वाटला, आजही वाटतो. पण मित्रांनो, तुम्ही नव्या रस्त्यांवर खुशाल धावा. फक्त पायाखाली एखादा दगड डुगडुगला, तर तसेच पुढे जाऊ नका. वाका, मूठभर माती भरा. एवढं केलंत, तर राहायला कुठं जाता हे मी विचारणार नाही. निदान मोठ्यानं तरी नाही.