रिकाम्या बॅगेची फेरी

३१ डिसेंबर. दुपारी दीड वाजता जर्सी सिटीतल्या एका चौदा मजली इमारतीतून दोन बायका बाहेर पडल्या. दोघींच्या हातात एकेक बॅग होती आणि दोन्ही बॅगा रिकाम्या होत्या. त्यांतली निळी, कोपऱ्यावर चिकटपट्टी लावलेली, ती मी.

मित्रांनो, मी दहा वर्षांची प्रवासी बॅग आहे. नागपूरला सीताबर्डीवरच्या दुकानात माझ्या मालकिणीच्या, म्हणजे उल्काच्या, बाबांनी मला विकत घेतलं. दुकानदाराला त्यांनी माझी चेन सहा वेळा उघडून दाखवायला लावली. पहिल्या प्रवासात माझ्यात कुकर होता, भाजणी होती. वजन तेवीस किलोंच्या वर जाऊ नये म्हणून लोणच्याची बरणी शेवटी घरीच राहिली. त्यानंतर मी तीनदा नागपूरला जाऊन आले. विमानतळाच्या पट्ट्यावरून मी फिरत आले की उल्का लांबूनच मला ओळखायची. तेवढं कौतुक मला पुरायचं.

गेली चार वर्षं मात्र मी पलंगाखाली होते. उल्काच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली. भारतात गेल्यावर नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि त्याला किती दिवस लागतील ते कोणी सांगत नाही. नोकरी तेवढी थांबेल का, तेही नाही. म्हणून ती गेली नाही. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हाही नाही. उन्हाळ्यात माझ्यात रजया कोंबल्या जात. फोनवरचं बोलणं खाली ऐकू येई. बाबांना आता एकच शब्द नीट उच्चारता येतो, “कधी?”

शेजारच्या मार्गारिताबाई मूळच्या कोलंबियाच्या. त्यांच्याकडे नव्या वर्षाचे बारा वाजले, की लोक रिकामी बॅग ओढत घराभोवती फेरी मारतात. त्या वर्षी प्रवास घडतो, अशी समजूत आहे. येत्या ८ मार्चला बाबांची पंचाहत्तरी आहे. उल्का फेरीला तयार झाली.

“पण इथले बारा कशाला?” ती म्हणाली. “मला नागपूरला जायचंय. तिथे बारा वाजतील तेव्हा निघू.”

“म्हणजे भरदुपारी? लोक वेड्यात काढतील, पोरी.”

“आणि रात्री काढत नाहीत?”

नागपूरला आई-बाबा व्हिडिओ कॉल लावून जागे होते. आईंनी मला पाहिलं मात्र, “काय बाप्पा! रिकामी बॅग घेऊन कोणी घराबाहेर निघते का? मूठभर तांदूळ तरी टाक.”

उल्काने ते इंग्रजीत सांगितलं. मार्गारिताबाईंनी मान हलवली. “भरून नेलीस तर प्रवास नाही, घर बदलणं होतं.” मग त्यांनी कोटाच्या खिशातून अख्खे मसूर काढले. “आमच्याकडे बरकतीसाठी हे खिशात ठेवतात. बॅगेच्या वरच्या खिशात टाक. पोट रिकामंच राहू दे. आईला विचार, चालेल का?”

“चालते,” आई म्हणाल्या.

दुसऱ्या कोपऱ्यावर, बर्फ आणि मिठाच्या चिखलात, माझं चाक निघालं. उल्का थांबली. “मोडली फेरी.”

“चाक मोडलंय,” मार्गारिताबाई म्हणाल्या. “पाय आहेत ना तुला?”

“थांबू नको गं,” फोनमधून आईंचा आवाज आला. “बाबा बघून राहिले.”

उल्काने मला उचलून छातीशी धरलं आणि उरलेली फेरी पूर्ण केली. चार वर्षांत मला इतकं जवळ कोणी घेतलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी पलंगाखाली एखादी बॅग असेल, तर तिला अधूनमधून बाहेर काढा. चाकं फिरवून बघा. पडून राहिलेलं चाक गरजेच्या दिवशी दगा देतं.

१२ जानेवारीला उल्काला व्हिसाच्या मुंबईतल्या मुलाखतीची तारीख मिळाली, २७ फेब्रुवारी. तिने तिकीट काढलं, मला नवं चाक बसवून आणलं. ११ फेब्रुवारीला मेल आला: मुलाखत रद्द, नवी तारीख नंतर कळवली जाईल.

आज १८ फेब्रुवारी. सकाळी आठपर्यंत दुसरा मेल आलेला नाही. विमान रविवारी संध्याकाळी आहे. उल्काने तिकीट कॅन्सल केलेलं नाही. मी पलंगावर उघडी आहे, आणि माझ्यात बाबांसाठी घेतलेले, एका हाताने चढवता येतील असे नाडी नसलेले बूट आहेत.