हो, सर

सकाळचे ऊन आधी खिडकीच्या गजांवर थबकले, मग ओशाळलेल्या पाहुण्यासारखे हळूच आत सरकले. फळीवरच्या डब्यांची झाकणे एकेक करून उजळली, दोरीवरच्या गणवेशाची बाही उजळली, आणि शेवटी ते टेबलावरच्या छापील अर्जावर येऊन टेकले. 'पालकाची सही' या शब्दांपुढची रेघ तेवढी रिकामी होती. ऊन तिथून हलेना. समोर पेन घेऊन बसलेला तोही हलेना.

वडील गेल्यापासून धाकट्या बहिणीचा पालक तोच. तिने मुलींच्याच शाळेत पुढे शिकायचे, की मुलामुलींच्या एकत्र शाळेत जायचे, हे आज कळवायचे होते.

"दादा, कर ना सही. 'याच शाळेत'वर पेन्सिलनं खूण केलीये मी," धाकटी वेणी घालत म्हणाली.

"एकत्र शाळेत गेलेलं बरं. माझं काय झालंय, बघतेस ना?"

त्याचे काय झाले ते घरात सर्वांना पाठ होते. दहा वर्षे मुलांच्या शाळेत गेली. समोर सगळे सरच. आता चष्म्याच्या दुकानात एखादी बाई पुढ्यात उभी राहिली, की त्याच्या तोंडून निघे, "हो, सर." मग कान लाल, आणि स्वारी आतल्या खोलीत काचा घासायला पसार.

"परवा तर त्या आजींनासुद्धा सर म्हणालास!" धाकटी खुदकन हसली, पण ते हसू टिकले नाही. "आमच्या प्रयोगशाळेतला फ्यूज उडाला की मी बदलते. आपल्या ताईच्या एकत्र शाळेत मुलगे बदलतात, आणि ताई बॅटरी धरून उभी राहते. मला बॅटरी नाही धरायची, दादा."

"मग काय, जन्मभर मुलींतच राहणार आहेस?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," भांडी विसळता विसळता आई पुटपुटली. कुणाला, ते तिने सांगितले नाही.

धाकटीचे म्हणणे त्याला पटत होते, हीच तर अडचण होती. पण उद्या तिचेही कान असेच लाल झाले तर? त्याने पेन्सिलीची खूण खोडली, दुसऱ्या चौकटीत शाईने केली, आणि सही ठोकली.  अर्धी वेणी तशीच सोडून धाकटी आत गेली.

तिची शाळा दुकानाच्या वाटेवरच होती. खिडकीतल्या कारकून बाईंनी अर्जावर शिक्का मारला.

"आता बदल होणार नाही हं. मुलीला विचारलंत ना?"

"हो, सर," तो म्हणाला.

दुकानात पोहोचला तेव्हा त्याचा भागीदार एका बाईंच्या नाकावर चष्मा बसवत होता. अखंड बडबडीमुळे त्याला शाळेत 'रेडिओ' म्हणत. "बघा मावशी, आता सगळं लख्ख दिसेल. काकांच्या सुरकुत्या दिसल्या तर मात्र माझ्याकडे तक्रार आणू नका!" मावशी आणि सोबत आलेली त्यांची लेक खळखळून हसल्या.

तो मान खाली घालून आतल्या खोलीत शिरला. यंत्राच्या घरघरीत ते हसू बुडवावे म्हणून त्याने बटण दाबले. वीज गेलेली होती. हातात काच धरून तो ऐकत राहिला.

रेडिओही मुलांच्या त्याच शाळेत शिकला होता. दहा वर्षे, त्याच्याच बाकावर, त्याच्या शेजारी बसून.