ग्रिपशिवाय तेरा पॉइंट तीन

टर्रकन आवाज झाला आणि मी पाठीवर गादीत आपटले.

“काय फाटलं?” बाई धावत आल्या. बाई म्हणजे आमच्या प्रशिक्षक. सोळा वर्षं झाली, माझा गुडघा कुरकुरला तर माझ्याआधी त्यांना कळतं.

“ग्रिप,” मी म्हटलं.

बारवर झोके घेताना तळहाताची सालं निघू नयेत म्हणून चामड्याचा पट्टा बांधतात, ती ग्रिप. माझी उजवी ग्रिप मधोमध फाटून मनगटाला लोंबत होती. सरावाची वेळ संपली होती. एक उंच आणि एक ठेंगणा, अशा दोन बारवरचा माझा शेवटचा सेट सहा मिनिटांवर आला होता. देशाच्या संघात चार जागा, त्यातल्या तीन ठरलेल्या. चौथी एक तर माझी, नाहीतर चिमणीची.

चिमणी आमच्याच जिममधली, सोळा वर्षांची. मी सव्वीसची. जिम्नॅस्टिक्समध्ये सव्वीस म्हणजे काठी टेकायचं वय, म्हणून सगळ्या पोरी मला आजी म्हणतात. याआधी दोनदा मी संघाच्या दारातून परत आले होते, एकदा घोट्यापायी, एकदा तापापायी. ही शेवटची खेप होती. बाकीचे तीन प्रकार झाले होते आणि मी चिमणीच्या दोन दशांश पुढे होते. फक्त दोन दशांश!

“नवी जोडी कुठाय?”

“पिशवीत.”

“मग घाल की!”

“कोरी आहे, बाई.”

बाईंनी कपाळावर हात मारला. नवी ग्रिप हाताला बसायला महिनाभर घाम गाळावा लागतो. तोवर ती धड बार धरत नाही आणि धरला तर सोडत नाही. चार महिने मी रोज सकाळी म्हणत होते, उद्यापासून नवी. आणि रोज जुनीच चढवत होते. बाबा चपला-बूट दुरुस्त करतात. जुनी ग्रिप त्यांनीच तीनदा शिवली. चौथ्यांदा नेली तेव्हा अंगठ्याने दाबून म्हणाले, “हे चामडं मेलंय गं. माझा टाका धरेल, चामडं नाही धरायचं.” तरी मी हट्टाने शिवून घेतली. आता ते वर प्रेक्षकांत बसले होते आणि त्यांच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

“आजी, माझी घाल!” चिमणी स्वतःची ग्रिप सोडायलाच लागली. “माझा नंबर तुझ्यानंतर आहे. झालं की दे परत.”

“अगं, तुझे हात बाहुलीचे. माझी बोटंसुद्धा जायची नाहीत त्यात.”

“मग कसं गं?” तिचा आवाज रडवेला झाला. वेडी कुठली! जागा घ्यायला आलेली पोर माझ्यासाठीच रडत होती.

मी दुसऱ्या हाताचीही ग्रिप काढली. “अशीच जाते.”

“नुसत्या हातांनी? डोकं फिरलंय का?” बाई खेकसल्या.

“लहानपणी जायचेच की.”

“तेव्हा बावीस किलोची होतीस!”

हिरवा दिवा लागला. मी तळहातांवर चॉकची पूड थापली, पंचांना हात वर करून नमस्कार केला आणि उडी मारली.

काय सांगू! बार थेट हातात आला. मध्ये चामडं नाही, काही नाही. कित्येक वर्षांत मी त्याला असं धरलंच नव्हतं. पहिला मोठा झोका, उलटी उभी, सरळ! दुसरा झोका, तळवे पेटले. तिसऱ्याला बार सोडला, हवेत गिरकी, आणि परत पकडताना उजव्या हाताचं कातडं गेलं ते मला स्पष्ट कळलं. कळलं तर कळलं! खालचा बार, पुन्हा वरचा, पुन्हा उभी. खालून बाईंचा आवाज, “धर! धर! धर!” शेवटचे दोन झोके मी दातांनीच धरले म्हणायचे. सोडला, दोन कोलांट्या, आणि पाय गादीत असे रुतले की केसभरसुद्धा हलले नाहीत.

सगळा हॉल उभा राहिला. बाबा तर खुर्चीवर चढले होते. तेरा पॉइंट तीन! चांगल्या हातांनी तरी मला कधी एवढे मिळाले होते?

बाई रडत होत्या आणि शिव्याही देत होत्या. आता चिमणीला साडेतेराच्या वर हवे होते, आणि आजवर ती तेरा पॉइंट चारच्या पुढे गेली नव्हती. जागा माझी होती. माझी!

मी वर पाहिलं. वरच्या बारवर उजवीकडे बोटभर ओला डाग चमकत होता. माझं रक्त. बार तयार करायचं काम बाईंचं, पण त्या कापूस शोधायला पिशवीत वाकल्या होत्या, आणि माहीत नसलेल्याला तो डाग सहज दिसला नसता. माझा हात कुठे पडला होता ते मलाच माहीत होतं. चिमणीचा हात तिसऱ्या झोक्याला बरोबर त्याच निसरड्या जागी येतो.

खोटं कशाला बोलू, मी गप्प राहिले. आठ-दहा आकडे मोजण्याइतका वेळ राहिले. मग माझीच मला शिसारी आली.

“थांब गं!” मी ओरडले. ठोकळा ओढून वर चढले, ओल्या फडक्याने बार पुसला, खरखरीत कागदाने घासला, मुठी भरून चॉक चोळलं. माझ्या हातांचं रक्त पुन्हा लागू नये म्हणून हातांना फडकं गुंडाळलं होतं. आग आग होत होती.

“आजी, झालं?”

“झालं. तिसऱ्याला घाई करू नकोस. मान आत ठेव.”

आणि पोरीने काय सेट केला! तिसऱ्या झोक्याला हात जिथे पडायचा तिथेच पडला, पक्का. हातांचं फडकं कधीच गळून पडलं होतं आणि मी बाईंचा दंड दाबून ओरडत होते, “हां! आता! सोड! शाब्बास गं!” आपण कुणासाठी ओरडतोय, हे ती खाली उतरेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही.

फलकावर आकडे आले. तेरा पॉइंट पाच पाच.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. पाच शतांशांनी! जागा गेली. चिमणी गादीवरून धावत सुटली ती थेट माझ्याकडे. “आजी, मी... आजी, तू...” तिला रडू फुटलं.

“रडतेस काय बावळट, ये इकडे,” मी म्हटलं.

ती येऊन गळ्यात पडली. मी तिला कोपरांनी घट्ट आवळून धरलं. तळहात मात्र तिच्या पाठीपासून लांब, हवेत उघडे ठेवले होते. तिचा पोशाख पांढरा होता, आणि तिला अजून संघाच्या फोटोला उभं राहायचं होतं.