ठेवणीतलं सील

फोरमनच्या घरी नवी वस्तू आली की ती आधी कपाटात जायची. पाहुण्यांसाठी घेतलेल्या चादरी पाहुणे आले तरी बाहेर निघत नसत. "जुन्याने भागतंय ना?" हे त्याचं पालुपद. आपल्यापैकी किती घरांत ते ऐकू येतं, ज्याचं त्याने आठवावं.

जलविद्युत केंद्रातही त्याचं तेच. टर्बाइनच्या फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारं सील झिजलं होतं. थेंबांची धार झाली तरी तो जुनंच सील आवळून वेळ मारून न्यायचा आणि खाली जादा पंप लावायचा. नवं सील भांडारात खोकाबंद होतं, पण ते म्हणे अडीनडीला. मशीन बंद न ठेवता निभावतो म्हणून साहेबही त्याची पाठ थोपटायचे.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथेच फिटर होता. खालची फरशी सदा ओली असते, एकदा मशीन थांबवून सील बदलू, असं त्याने दोनदा सुचवलं. फोरमनने ते हसण्यावारी नेलं. पुढे एका सकाळी पंपाच्या जाळीतला गाळ काढायला गेलेला फिटर त्याच फरशीवर घसरला. गुडघ्याचा चुरा झाला. पाय आता वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच दिवशी मशीन थांबवलं. फोरमनने स्वतः खोकं उघडलं. आतली रबरी कडी अंगठ्याने दाबताच तडकली. ठेवून ठेवून नवं सील खोक्यातच म्हातारं झालं होतं!

फिटरला दवाखान्यातून घरी आणलं त्या संध्याकाळी तो बहिणीकडे गेला, पण उंबऱ्यातच थबकला. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"दादा, अडीनडीला म्हणून ठेवलंस ना ते? मग पाणी गळत होतं ती अडचण नव्हती का? की आपलं माणूस पडल्यावरच अडचण मोजायची?"

फोरमन आत गेला. माझं चुकलं, एवढंच तो मेहुण्याच्या उशाशी बसून म्हणाला. मेहुण्याने मान हलवली आणि नवं सील कधी येतंय ते विचारलं. त्या प्रश्नाने फोरमनला जास्तच लाज वाटली.

नवं सील आलं, बसलं, फरशी कोरडी झाली. आता तिथे सील गळायच्या आधीच बदलतात. फोरमनने कपाटातल्या चादरीही बहिणीकडे नेल्या. त्या घड्यांवर विरल्या होत्या, तरी तिने एक नवऱ्याच्या पायाखाली अंथरली.

मंडळी, झिजलेलं वेळेवर बदलावं, नवं आहे ते वापरावं. सील पुन्हा मागवता येतं. त्या फिटरचा गुडघा कुठल्याच भांडारात मिळाला नाही.