दहा वर्षं राहणारं माणूस

शेताच्या बांधावर झाडांचा पट्टा लावला तर वाऱ्याने माती उडून जात नाही, आणि त्यासाठी निधीही मिळतो, हे शेजाऱ्याने म्हाताऱ्याला कितीदा तरी सांगितलं होतं. दर वेळी त्याने नाक मुरडलं. "वारा कुणाच्या बापाचं ऐकतो का? म्हणे अडवायचा!" मग एकदा निधीची अट त्याच्या कानावर आली. मालकाखेरीज घरातल्या आणखी एका माणसाने, पाहणीच्या दिवशी समोर उभं राहून, दहा वर्षं शेतावर राहून झाडं सांभाळायचं कबूल करावं लागतं. झालं! म्हातारा रातोरात पर्यावरणाचा कैवारी झाला.

घरातलं आणखी एक माणूस म्हणजे लेक. ती शहरात लिफ्ट दुरुस्त करायची. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याच्या घरात बोलायला रेडिओ तेवढा उरला होता, आणि तोही खरखरायचा. "तू आली नाहीस तर निधी हातचा जाईल," त्याने फोनवर अट ऐकवून सांगितलं. ती आली.

पाहणीआधीचे दोन दिवस त्याने नुसती चैन केली. टेपचं एक टोक लेकीने धरलं, दुसरं त्याने, आणि दोघांनी सगळा बांध मोजला. झाडाच्या जागेचा खुंट वाकडा ठोकला म्हणून ती त्याच्यावर डाफरली, अगदी आईसारखी. त्याला इतकं बरं वाटलं की पुढचा खुंट त्याने मुद्दाम वाकडा ठोकला. संध्याकाळी तिच्या खोलीत दिवा लागला, तर तो बघायला हा उगाचच बाहेर उभा. हो म्हणू दे, ही एकदा हो म्हणू दे, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. तिने मात्र त्या अटीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

पाहणीला तपासनीस बाई आल्या. त्यांनी खुंट पाहिले, माती हातात घेऊन चुरली आणि मग स्वयंपाकघरात चहाला बसल्या.

"काका, निधी मिळाला असंच समजा. आणि घरच्या माणसाची ती अट आता काढून टाकलीय. झाडं बघायला आमचाच माणूस येत जाईल. ताईंनी अडकून पडायचं कारण नाही."

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. तिच्या नकळतच, पण म्हाताऱ्याच्या नजरेतून तो सुटला नाही.

"बरं झालं बाई! मला तर झोप नव्हती या काळजीने. आता दुपारची गाडी मिळेल," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने हातातला कप खाली ठेवला.

"बाई," तो चाचरत म्हणाला, "ती जुनीच अट ठेवता नाही का येणार?"

तपासनीस बाई खो खो हसल्या. "अहो काका, अटी काढा म्हणून लोक आमचं डोकं खातात, आणि तुम्ही!"

लेक हसली नाही. ती बापाकडे बघत राहिली.

"बाबा, मला नुसतं ये म्हणायचं होतंत."

"म्हटलं असतं, तर आली असतीस?"

लहानपणापासून तिला खोटं बोलता येत नसे. तिने बापाचा कप उचलला आणि विसळायला घेतला.